उन्हाळी सुट्टीत लावरी उबवायला घेऊ नका

परीक्षा संपल्या की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे टेनिस बॉलच्या टुर्नामेंट आणि दुसरी म्हणजे ‘यंदा काहीतरी धंदा करू’ ही चर्चा. कुरुंद्यात चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलात तरी ती कानावर येते. शेळी झाली, मशरूम झालं, देशी कोंबडी झाली. आता बटेरीची पाळी आहे. थर्माकोलचा डबा घ्यायचा, त्यात बल्ब आणि छोटा पंखा बसवायचा, कुठून तरी दोन डझन अंडी मागवायची आणि सतराव्या दिवशी पिल्लं काढायची. दहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला की सगळं येतंय असं वाटायला लागतं.

उबवा, जरूर उबवा. माझा विरोध त्याला नाही. पण मे महिन्यात नको. आणि डब्याच्या झाकणावर लाल अक्षरात चमकणाऱ्या आकड्याच्या भरवशावर तर अजिबात नको.

आधी पक्ष्याबद्दल. आपण जिला बाजारात बटेर म्हणतो ती जपानी लावरी. आपल्या रानात, तुरीच्या ओळींतून भुर्रकन उडणारी लावरी वेगळी. तिची अंडी उचलून आणून उबवायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती आत्ताच काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये. पाळायची ती जपानी. ती १९७४ साली भारतात आली आणि बरेलीजवळ इज्जतनगरला तिच्यावर बरंच काम झालं. सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते, नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. अंडं जेमतेम दहा-बारा ग्रॅमचं आणि उबवणीचा काळ सतरा-अठरा दिवसांचा. कोंबडीला एकवीस लागतात. अंतराळात उबवून निघालेलं पहिलं पिल्लूही लावरीचंच होतं, मार्च १९९० मध्ये, मीर अंतराळ स्थानकावर. पक्षी लहान, दिवस कमी, म्हणून तिची निवड झाली असणार. आपली निवडही त्याच कारणानं होते.

एक गोष्ट मात्र तिनं माणसाच्या संगतीत गमावली. जपानी लावरी अंड्यांवर बसायचंच विसरून गेली आहे. खुडूक होत नाही. म्हणजे कोंबडीसारखं टोपलीत पेंढा टाकून तिच्याखाली अंडी ठेवली की काम झालं, असं इथं नाही. आपली गावरान कोंबडी वजनानं भारी, लावरीचं कवच नाजूक. तिच्याखाली ठेवलीत तर निम्मी अंडी फुटायची भीती. त्यामुळे मशीन लागतंच. खुडूक कोंबडी जे काम छातीची पिसं फुलवून, मधूनच उठून, अंडी चोचीनं फिरवून न शिकता करते, ते सगळं आता तुम्हाला करायचंय. तेही इलेक्ट्रिक बिल भरून.

आता आकडे. पंखा असलेल्या डब्यात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या टोकाच्या पातळीला मोजून साधारण ३८.३ ते ३८.९, कारण अशा डब्यात वरची हवा गरम आणि तळाची थंड असते. दमटपणा पहिले चौदा दिवस ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५. चौदाव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवायची, मग थांबवायची. हे आकडे बरोबरच आहेत. कुठल्याही व्हिडिओत हेच सांगतात. अडचण अशी, की हे आकडे डब्याच्या आतले आहेत आणि व्हिडिओवाल्याच्या डब्याबाहेर कुरुंदा नाही.

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा बेचाळीसला टेकतो. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. आता विचार करा, तुमच्या डब्यात बल्ब आहे, म्हणजे तो तापवू शकतो. गार करू शकत नाही. थर्मोस्टॅट बिचारा ३७.५ ला बल्ब बंद करतो आणि गप्प बसतो. पुढे खोलीच डब्याला तापवत नेते. आतला पंखा फिरतो, पण गरम हवाच फिरवतो. आतला पारा ३९ वर जाऊन तिथं काही तास राहिला की अंड्यातला जीव धोक्यात येतो, चाळीस ओलांडले की बहुतेक खेळ खलास. अंडं थोडा वेळ गार पडलं तर सहन करतं, फार तर पिल्लू एखादा दिवस उशिरा येतं. तापलेलं अंडं मात्र माफ करत नाही. म्हणजे ज्या दीड-दोन महिन्यांत तुम्हाला कॉलेज नाही, तेच नेमके या कामाला सगळ्यात वाईट. घरातल्या म्हाताऱ्या बायका ऐन उन्हाळ्यात कोंबडी बसवायला का कू करतात, ते एकदा त्यांनाच विचारा.

कुणी म्हणेल, मोठ्या हॅचरीत मे महिन्यातही पिल्लं निघतात की. निघतात. त्यांच्याकडे गार करायची सोय असते, जनरेटर असतो, रात्रपाळीला माणूस असतो. तुमच्याकडे थर्माकोलचा डबा आहे.

तापमानाचं निदान डोळ्यांना दिसतं. दमटपणाचं प्रकरण जास्त फसवं आहे आणि माझ्या मते बहुतेक घरगुती बॅचेस तिथंच बुडतात. आपण ‘टक्के’ म्हणतो ते हवेत किती पाणी आहे याचे टक्के नसतात. त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त मावू शकेल त्याच्या मानानं किती आहे, याचे असतात. गरम हवेत जास्त मावतं. म्हणून तीच हवा तापवली की पाणी तेवढंच राहून टक्का घसरतो.

एक साधा हिशेब मांडतो. जुलैमध्ये पाऊस लागलेला आहे, बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के. ही हवा डब्यात जाऊन ३७.५ ला तापली की तिचा टक्का होतो साधारण ४७. म्हणजे पाणी न ठेवताच तुम्ही चौदा दिवसांसाठी बरोबर जागेवर आहात! अशा वेळी व्हिडिओत सांगितलं म्हणून दोन वाट्या पाणी ठेवलंत, तर अंडी आतून ओलीच राहतात. आता डिसेंबरची पहाट घ्या. शेतात दव पडलंय, १४ अंश आणि ७० टक्के, अंगावर शहारे. आपल्याला वाटतं, किती ओलसर हवा आहे. ती डब्यात तापली की उरतात सतरा-अठरा टक्के. आणि मे महिन्यातली बेचाळीस अंशांची, पंधरा टक्क्यांची दुपार? ती वीसच्या आसपास. म्हणजे कडाक्याची थंडी आणि रणरणतं ऊन, डब्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखीच कोरडी. हे ज्याला कळलं, त्याला निम्मं मशीन कळलं.

आपल्या भागातल्या पोरांना ओलाव्याचं काय शिकवायचं, असंही वाटतं कधीकधी. वसमत तालुक्यात हळद शिजवून, वाळवून मोठी झालेली ही पिढी. पाच क्विंटल ओली हळद वाळून साधारण एक क्विंटल उरते, आणि वाळवणीत चुकलं तर बाजारात भाव पडतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून वाळलं की नाही सांगणारी माणसं घराघरात आहेत. केळीवाल्यांच्या पोरांना पिकवणीच्या खोलीत तापमान आणि दमटपणा एकत्र सांभाळावा लागतो हे ठाऊक आहे. अंडं उबवणं हेही खरं म्हणजे एक प्रकारचं वाळवणच आहे. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी हळूहळू बाहेर जातं आणि अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी वाढत जाते. शेवटी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. पाणी कमी गेलं तर पोकळी लहान आणि पिल्लू फुगलेलं, गुदमरून जातं. जास्त गेलं तर आतला पापुद्रा कागदासारखा वाळून पिल्लाला चिकटतो आणि त्याला फिरताच येत नाही. लावरीचं अंडं लहान, म्हणजे वजनाच्या मानानं त्याचा पृष्ठभाग जास्त. ते कोंबडीच्या अंड्यापेक्षा लवकर वाळतं.

म्हणूनच माझा भरवसा हायग्रोमीटरपेक्षा काट्यावर जास्त आहे. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आता स्वस्तात मिळतो. चोवीस अंडी, सरासरी अकरा ग्रॅमची, म्हणजे २६४ ग्रॅम. चौदाव्या दिवशी हे वजन दहा-बारा टक्क्यांनी कमी व्हायला हवं, म्हणजे २३२ ते २३८. सातव्या दिवशी अडीचशेच्या आसपास असाल तर गाडी रुळावर आहे. वजन पटापट उतरतंय? पाण्याचं भांडं मोठं करा. उतरतच नाहीये? भांडं काढून घ्या. इथं एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: भांडं खोल असून उपयोग नाही, पसरट हवं. पाणी किती आहे यापेक्षा किती उघडं आहे यावर दमटपणा ठरतो. ओलं फडकं त्यात बुडवून उभं केलं तर आणखी वाढतो. आणि दमटपणा टिकावा म्हणून हवेची भोकं बुजवायचा प्रकार कृपा करून करू नका. आतले जीव श्वास घेतायत.

यंत्राची परीक्षाही घेता येते, घरच्या घरी. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला, ते आणि हायग्रोमीटर एका घट्ट पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवा. आत ७५ टक्के दमटपणा तयार होतो. तुमचं यंत्र ६८ दाखवत असेल तर ते सात टक्के कमी दाखवतं, डब्यावर तसं लिहून ठेवा. थर्मामीटरचंही तेच. ताप मोजायचा चांगला थर्मामीटर आणि डब्यातला सेन्सर कोमट पाण्याच्या एकाच पेल्यात धरून बघा. एका अंशाचा फरक हा तापाच्या गोळीसाठी किरकोळ असेल, इथं तो अख्खी बॅच घालवू शकतो. सेन्सर कुठं लटकतोय तेही पाहा. बल्बच्या शेजारी असेल तर तो बल्बचं तापमान सांगतोय, अंड्यांचं नाही.

‘एवढी मोजामोज हवीच कशाला, जुने लोक काय थर्मामीटर घेऊन बसायचे?’ हा प्रश्न येणार. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपासून मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवली जातात आणि तिथले कारागीर अंडं पापणीला लावून तापमान ओळखत आले. खरं आहे. पण ती पापणी पिढ्यानपिढ्या तयार झालेली होती. आपली पापणी सध्या रील बघून थकलेली आहे. तेव्हा काटा घ्या.

डबा कुठं ठेवायचा, यावर कुणी बोलत नाही. माझं मत: गावात कुणाचं जुनं माळवदाचं घर शिल्लक असेल तर तिथं. जाड भिंती, वर मातीचा थर, दिवसा-रात्रीतला फरक कमी. बाहेरची खोली २२ ते २८ अंशांत राहिली की साध्यातलं साधं मशीनही शहाण्यासारखं वागतं. पत्र्याची खोली दुपारी भट्टी आणि पहाटे फ्रीज. तिथं महागडं मशीनही वेडं होतं. खिडकीजवळ नको, कूलरसमोर नको, चुलीच्या भिंतीला लागून नको.

आणि लाईट. आपल्याकडे वारं सुटलं की लाईट जाते, हे कुणाला सांगायला नको. २०२२ च्या जुलैत तर कुरुंद्यात घराघरांत पुराचं पाणी शिरलं होतं. ज्याचा डबा जमिनीवर असता त्याची काय गत झाली असती, याचा विचार करून डबा टेबलावर ठेवा. लाईट गेली तर झाकण उघडून ‘बघू या’ करू नका. डब्यावर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. तास-दोन तास काही होत नाही. त्याहून लांबली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत, अंड्यांना न टेकवता. पंखा आणि छोटा हीटर ओढेल एवढा इन्व्हर्टर असेल तर उत्तमच, पण त्यासाठी कर्ज काढू नका.

शेवटचे तीन दिवस म्हणजे संयमाची परीक्षा. पंधराव्या दिवसापासून अंडी आडवी, न फिरवता, पाण्याचा पसारा वाढवून. पंखा नसलेल्या डब्यात काचेवर थोडं धुकं धरलं की ओळखा, जमलं. मग आतून चिवचिव ऐकू येते, कवचाला पहिला टवका पडतो आणि मित्रमंडळी जमा होतात. झाकण उघडून व्हिडिओ काढायचा मोह होतो. दमट हवा एका झटक्यात बाहेर जाते आणि टवका पाडून बसलेल्या पिल्लांभोवतीचा पापुद्रा आवळतो. निघालेल्या पिल्लांना लगेच दाणापाणी लागत नाही. पोटातल्या बलकावर ती दिवसभर सहज राहतात. ओली पिल्लं आतच वाळू द्या. व्हिडिओ काचेतून काढा.

निघालेलं पिल्लू सात-आठ ग्रॅमचं असतं. अंगठ्याच्या पेराएवढं. त्याला पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घातलंत तर पाय फाकून ते कायमचं अधू होतं (आमच्या पानाचाही हा उपयोग नको, जाड खरबरीत कापड घाला). पाण्याच्या वाटीत गोट्या किंवा खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडून मरतात. त्यांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त प्रथिनांचा, बारीक दळलेला दाणा लागतो.

या सगळ्याचा मला एवढा पुळका का? पैशामुळे. गावात कोंबड्यांचे, अंड्यांचे पैसे कायम माजघरातले राहिले. आईच्या डब्यातले, कुणाला हिशेब न द्यायचे. आज मशीनसाठी जे पैसे उभे राहतात, ते बऱ्याचदा तिथूनच येतात, नाहीतर तिच्या बचत गटातून. तो हप्ता तीच फेडते. पहिली बॅच मे महिन्यात उकडून गेली, की मुलगा ‘हा धंदाच फालतू’ म्हणून डबा माळ्यावर टाकतो आणि हप्ता चालूच राहतो. त्यात चोवीस जीव गेले, त्यांचं तर कुणी नावही काढत नाही.

म्हणून पहिल्या दोन बॅचेसना धंदा म्हणू नका. दोन डझन अंड्यांतून पंधरा-सोळा पिल्लं निघाली तर घरच्या मशीनसाठी ती चांगली म्हणायची. शंभर टक्क्यांच्या गोष्टी सांगणाऱ्याकडून अंडी घेऊ नका. न निघालेली अंडी फोडून बघा, वास येईल, पण सगळं तिथंच लिहिलेलं असतं. आत काहीच नाही म्हणजे अंडी फलित नव्हती किंवा फार शिळी होती. दुकानातली खायची अंडी बहुधा अशीच. पिल्लं सोळाव्या दिवशीच आली तर तापमान जास्त होतं, एकोणीस-वीसला आली तर कमी. लावरीच्या कवचावर ठिपके-डाग एवढे असतात, की टॉर्च लावून आतलं नीट दिसत नाही. त्यामुळे हे फोडून बघणं टाळता येत नाही.

पिल्लं वाढवायची वेळ आली तर शंका घेऊन परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन या. फोनवरच्या ज्ञानापेक्षा ते बरं. रोगाची भीती खोटी नाही. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारी, परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या मेल्या होत्या. लावरी आणि गावरान कोंबड्या एकाच खुराड्यात ठेवू नका. आणि विकणार कुणाला, हे वसमत-नांदेडच्या दोन-चार हॉटेलवाल्यांना आधी विचारून या, नंतर नाही.

मग या मे महिन्यात करायचं काय? डबा बनवा. रिकामाच चालू ठेवा, सकाळ, दुपार, रात्र आतलं आणि खोलीतलं तापमान वहीत लिहा. दुपारी तीनला आतला पारा कुठं जातो ते डोळ्यांनी बघा. मिठाची परीक्षा उरकून घ्या. कोणत्या खोलीत फरक सगळ्यात कमी पडतो ते शोधा. आजीशी त्या खोलीसाठी भांडण होईल, ते आत्ताच करून घ्या. अंडी मागवायची ती मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून गेल्यावर. मागवताना अंडी घातल्याची तारीख विचारा, सात दिवसांपेक्षा जुनी असतील तर घेऊ नका, आणि एसटीनं हिसके खात आली असतील तर टोकदार बाजू खाली करून रात्रभर तशीच ठेवा, मग डब्यात लावा.